खीर कुणाची? देवळाची, सुजाताची की आमच्या आजीची?

वैशाख पौर्णिमेच्या आधी पंधरा दिवस नायगावच्या आमच्या चाळीत बैठक होते. विषय ठरलेले असतात. मंडप कुणाचा, वंदना किती वाजता, व्याख्याता कोण, वर्गणी किती, आणि शेवटी खीरदान. पहिल्या चार विषयांवर दरवर्षी आवाज चढतात. खिरीवर आजवर कधीच वाद झाला नव्हता. यंदा झाला.

कॉलेजात जाणारा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "सत्यनारायणाचा शिरा आपण सोडला, श्राद्धाचं जेवण सोडलं, मग ही खीर का धरून बसलोय? खीर हा नैवेद्य आहे. ब्राह्मणी पदार्थ आहे. बंद करा."

दुसरा लगेच उसळला, "अरे, खीर आपलीच आहे. सुजातामाईने तथागतांना दिली. खिरीचा शोधच तिने लावला."

तिसऱ्याने मोबाइल वर धरला. "इथे तर लिहिलंय, दोन हजार वर्षांपूर्वी पुरीच्या जगन्नाथ मंदिरात खीर पहिल्यांदा बनली."

महिला मंडळाच्या काकी कोपऱ्यात बसून हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "कुणाची ते तुम्ही सावकाश ठरवा. दूध किती लिटर आणायचं तेवढं सांगा. आणि पातेली कोण घासणार, तेही आताच सांगा."

सगळे हसले. पण आम्ही घरी आलो ते हा प्रश्न डोक्यात घेऊनच. कारण या खिरीशी आमचा जुना हिशेब आहे. तो आधी सांगतो, मग पुस्तकांकडे जातो.

आमची आजी सातारा जिल्ह्यातली. तिला एकच खीर येत होती, गव्हाची. गहू भिजवायचे, उखळात कांडायचे, कोंडा पाखडून काढायचा, मऊ होईस्तोवर शिजवायचे आणि मग गूळ घालायचा. वर सुंठ आणि सुक्या खोबऱ्याचे काप. चाळीत उखळ नव्हते, म्हणून लालबागच्या दुकानातून कांडलेले गहू यायचे, पण बाकी कृती तीच. या खिरीत दूध नसायचे. गावी महारवाड्यात दूध दिसायचे ते दुसऱ्याच्या गोठ्यात. बलुत्याचे धान्य मिळे, गुऱ्हाळावरून गुळाचा खडा मिळे. जे मिळे त्याची खीर होई. आम्ही भावंडे ती ताटलीत घेऊन बोटांनी चाटून खायचो आणि जगात यापेक्षा गोड काही नसते असे समजायचो.

मग एका वर्षी आम्ही ती डब्यात भरून शाळेत नेली. शेजारच्या बाकावरच्या मुलाने डब्यात डोकावून पाहिले आणि म्हणाला, "ही खीर नाही. खिरीत दूध असतं. ही लापशी आहे." तो वाईट मुलगा नव्हता. त्याने त्याच्या घरातले खरे सांगितले होते. पण आम्ही डबा बंद केला आणि मधल्या सुट्टीत नळाचे पाणी पिऊन राहिलो. संध्याकाळी आजीसमोर डबा आपटला. म्हणालो, "तुला खीर येत नाही. खरी खीर कर. दुधाची."

आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती आरेच्या केंद्रावर रांगेत उभी राहिली. नेहमीच्या चहाच्या दुधाखेरीज एक बाटली जास्तीची आणली. दूध उकळले, त्यात शिजवलेला भात घातला आणि मग, आयुष्यभर जे केले तेच केले. उकळत्या दुधात गूळ टाकला. ज्यांच्या घरात दूध नांदते त्यांना ठाऊक असते की उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटते. साखर घालावी लागते, नाहीतर दूध उतरवून निवू द्यावे लागते. आजीला हे कुणी शिकवण्याचा प्रसंगच आला नव्हता. पातेल्यात पाणी आणि चोथा वेगळा झाला. ती स्टोव्हपुढे बसून राहिली. म्हणाली, "लेकरा, फाटलं बघ." आम्ही ते खाल्ले नाही. तिने आणि आईने दोन दिवस खाल्ले.

ही गोष्ट आम्ही पुढे कित्येक वर्षे कुणाला सांगितली नाही. आज सांगतो, कारण बैठकीतल्या त्या पोराच्या आवाजात आम्हाला आमचाच आवाज ऐकू आला. 'खरी खीर' कुठली, हा प्रश्न आम्हीही एकदा विचारला होता. चुकीच्या माणसाला विचारला होता.

आता पुस्तकांकडे येऊ. आधी देवळाचा दावा. पुरीला आज जे जगन्नाथाचे मंदिर उभे आहे ते बाराव्या शतकातले. त्या मंदिरात दोन हजार वर्षांपूर्वी खीर पहिल्यांदा शिजली असेल, तर ती मंदिराच्या आधी हजारभर वर्षे शिजली. ही खीर कुठल्या चुलीवर शिजली ते पुढे पाठवणाऱ्यांनी सांगावे.

मग वैदिकांची आहे का? ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात दुधात शिजवलेल्या भाताचा उल्लेख आहे, हे खरे. पण ज्या ऋचेत तो भात आहे त्याच ऋचेत शंभर रेडे आणि एक रानडुक्करही आहे. ज्यांना त्या ऋचेतून खीर उचलून तिला 'सात्त्विक' ठरवायचे आहे, त्यांनी बाकीचे ताटही उचलावे. आणि दुसरी गोष्ट. एखाद्या पदार्थाचा उल्लेख एका ग्रंथात पहिल्यांदा सापडतो याचा अर्थ तो त्या लोकांनी शोधला असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की त्या लोकांकडे ग्रंथ होते. भात पिकवणारे हात आणि गुरे राखणारे हात लिहिणारे नव्हते. ज्यांना अक्षराची बंदी होती त्यांच्या चुलीवर काय शिजत होते, ते कोण लिहून ठेवणार? जिथे तांदूळ आहे आणि जनावर दुभते आहे तिथे कुणीतरी एक दिवस दोन्ही एकत्र शिजवणारच. त्यासाठी ऋषी लागत नाही, भूक लागते.

शब्दाचेही पाहा. 'क्षीर' म्हणजे दूध. पालीत त्याचे 'खीर' झाले, पण पालीत खीर म्हणजे नुसते दूधच. आपण ज्याला खीर म्हणतो त्या पदार्थाला पालीत 'पायास' म्हणतात. फारसीत दुधाला 'शीर' म्हणतात, म्हणून ईदला मदनपुऱ्यातल्या मित्राच्या घरून येतो तो शीरखुर्मा. शब्द एका घरातून दुसऱ्या घरात असे जात राहतात, त्यांना सोवळे नसते. आता या हिशेबाने आमच्या वर्गातला तो मुलगा बरोबर होता. दूध नाही तर खीर नाही. पण मग सातारा-सांगली-कोल्हापूरकडे लाखो घरांत गव्हाच्या, गुळाच्या त्या पदार्थाला खीरच म्हणतात, त्याचे काय? शब्दकोश मोठा की लाखो घरे?

आता सुजाता. इथे आपल्याच लोकांना थोडे टोचेल असे लिहावे लागणार आहे.

तथागतांनी देहदंडन सोडून अन्न घेतले, ही घटना मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात त्यांच्याच तोंडून येते. पण तिथे सुजाता नाही आणि पायासही नाही. तिथे आहे भात आणि 'कुम्मास'. कुम्मास म्हणजे भरड धान्याचे साधे खाणे, गोरगरिबाचे. पुढे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात अश्वघोष 'बुद्धचरित' लिहितो. त्यात पायस आहे, पण देणारीचे नाव सुजाता नाही, नंदबला आहे. ती गवळ्यांच्या प्रमुखाची मुलगी, अंगावर गडद निळे वस्त्र, हातात शंखाची पांढरी कांकणे. 'ललितविस्तरा'त सुजाता येते, गावप्रमुखाची मुलगी म्हणून. आणि पाचव्या शतकाच्या आसपासच्या पाली निदानकथेत आपल्याला ठाऊक असलेली पूर्ण गोष्ट मिळते. उरुवेलेचा सेनानी, त्याची मुलगी सुजाता, वडाला केलेला नवस, हजार गाईंचे दूध पाचशे गाईंना पाजून, त्यांचे अडीचशेंना पाजून, असे करत शेवटी आठ गाईंचे घट्ट दूध, सोन्याचे पात्र आणि एकोणपन्नास घास.

म्हणजे काय झाले? सर्वांत जुन्या थरात भात आणि भरड धान्य. मग दूध आले. मग गवळ्याची मुलगी आली. मग श्रीमंताची मुलगी आली. मग हजार गाई आणि सोन्याचे ताट आले. गोष्ट जसजशी मोठ्या वाड्यांत पोचली तसतशी खीर दाट होत गेली.

आपल्याकडे भाषणांत सुजाता 'गरीब, खालच्या जातीची' असे सर्रास सांगितले जाते. आम्हीही सांगितले आहे. पण ग्रंथांत ती तशी नाही. तिच्या घरी दासी होती. 'खिरीचा शोध सुजाताने लावला' याला तर कुठलाच आधार नाही. दुसऱ्याच्या पुराणाची चिकित्सा करायची आणि आपल्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे आपल्याला शोभत नाही. कालामांना तथागतांनी सांगितले ते काय फक्त इतरांसाठी होते? परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू म्हणतो म्हणून मानू नका. यात 'आपला' हा शब्द सर्वांत अवघड आहे.

बाबासाहेबांनी हे कसे केले ते पाहा. १९५७ साली सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनातर्फे निघालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये सुजाताची गोष्ट आहे. नवस आहे, वड आहे, सोन्याचे पात्रही आहे. गोष्ट त्यांनी टाकून दिली नाही. पण एका जेवणावर सात आठवडे निघाले हा चमत्कार त्यांनी ठेवला नाही. ध्यानाला बसण्यापूर्वी गौतमाने चाळीस दिवस पुरेल इतके अन्न जमवून ठेवले, असे ते लिहितात. बघा, किती साधी दुरुस्ती आहे. माणूस विचार करणार असेल तर त्याच्या पोटाची सोय आधी हवी. परळच्या चाळीत एका खोलीत राहून, अर्धपोटी रात्री जागून ज्याने अभ्यास केला, त्यालाच हे सुचणार.

खिरीचा खरा अर्थ आमच्या मते इथे आहे. सहा वर्षे शरीर वाळवून काही हाती लागले नाही, तेव्हा तथागतांनी उपास सोडला. उपाशी राहण्यात पुण्य नाही, हे त्या एका घासाने सांगितले. ज्या समाजाला हजारो वर्षे सक्तीचा उपास घडला, त्याने वैशाख पौर्णिमेला गोड खाणे हा नैवेद्य नव्हे. नैवेद्य देवाला दाखवतात. खीरदान माणसाला देतात. फरक एवढाच आहे आणि एवढा मोठा आहे.

आता पुन्हा दुधाकडे येतो, कारण आजीचे ते पातेले अजून स्टोव्हवरच आहे.

आमचे आजोबा परळच्या गिरणीत होते. रिंग खात्यात. साचा खात्यात, म्हणजे विणकामाला, पगार जास्त होता. पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, आणि तो दुसरा 'बाटणार'. लाल बावट्याखाली एकत्र उभे राहणारे कामगारसुद्धा या धाग्यापाशी वेगळे होत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. तरीही पुढे अनेक वर्षे साचा खात्याचे दार बंदच राहिले.

तर हिशेब असा आहे. तोंडाला लागणाऱ्या धाग्यावरून खाते ठरले. खात्यावरून पगार ठरला. पगारावरून घरात दूध किती येणार ते ठरले. आणि दुधावरून शाळेत ठरले की आमची खीर ही खीर आहे की नाही. आजीला गूळ कधी घालायचा ते माहीत नव्हते, यात अडाणीपणा तिचा नव्हता. तिच्या त्या फाटलेल्या दुधात अख्खी जातव्यवस्था फाटून वर आली होती. आम्ही ते पातेले ढकलून दिले, तेव्हा आम्ही त्या व्यवस्थेच्या बाजूने उभे होतो. वय लहान होते, पण बाजू तीच होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वैशाखात चाळीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपे होती, माणसे गावी गेली होती. आमचे वडीलही संपावर होते. वर्गणी मागायला कुणाचे तोंड होत नव्हते. तेव्हा आजीच म्हणाली, प्रत्येक घरातून मूठभर धान्य आणि गुळाचा खडा आणा. कुणी तांदूळ दिले, कुणी गहू, कुणी नुसती सुंठ. पाण्यात शिजवलेली ती खीर त्या रात्री वंदनेनंतर सगळ्यांनी वाटीवाटीने खाल्ली. आमच्या आठवणीतले सर्वांत मोठे खीरदान तेच. त्यात दुधाचा थेंब नव्हता. महासच्चक सुत्तातला 'भात आणि कुम्मास' आम्ही पुढे वाचला तेव्हा आम्हाला तीच पातेली दिसली. गोष्टीच्या सर्वांत जुन्या थराच्या जवळ, सोन्याच्या पात्रापेक्षा, आमची आजी होती.

एक शेवटचा मुद्दा. तथागतांचे शेवटचे जेवण चुंद लोहाराने दिले. त्या 'सूकरमद्दवा'त डुकराचे मांस होते की कंद की अळंबी, यावर पंडित आजही भांडतात. पण महापरिनिब्बान सुत्तात तथागतांना काळजी कशाची आहे? जेवणात काय होते याची नाही. चुंदाला लोक दोष देतील, त्याचे मन खाईल, याची आहे. म्हणून ते आनंदाला निरोप देतात की बोधीपूर्वीचे जेवण आणि परिनिर्वाणापूर्वीचे जेवण, दोन्हींचे फळ सारखेच आहे. पदार्थ कुठला आणि कुणाचा, हा प्रश्न तिथे मिटतो. देणाऱ्याला लाजवू नका, हे तिथे उरते. आम्ही हे सुत्त आजीच्या हयातीत वाचले असते तर बरे झाले असते.

म्हणून त्या पोराला आमचे उत्तर असे. मित्रा, तुझी शंका चांगली आहे, ती सोडू नकोस. पण खीर ब्राह्मणी आहे म्हणून टाकणे आणि खीर सुजाताने शोधली म्हणून डोक्यावर घेणे, दोन्हींत आपण मालकाचाच शोध घेतोय. खिरीला मालक नाही. तिला मालक होता असे म्हणणाऱ्यांनीच आपल्याला पंगतीबाहेर बसवले होते. आपण नवा मालक कशाला नेमायचा? विचारायचे असेल तर हे विचार की ती कुणी रांधली, कुणाला मिळाली, कुणाला मिळाली नाही, आणि पातेली कुणी घासली.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही गोष्टीतच आहे. सुजाताची दासी होती पुन्ना. निदानकथेत आहे, बाबासाहेबांच्या ग्रंथातही आहे. झाडाखालची जागा नीट करायला सुजाताने तिला आधी पाठवले. म्हणजे तथागतांना त्या सकाळी पहिल्यांदा पाहिले ते सुजाताने नव्हे, जागा साफ करायला गेलेल्या पुन्नेने. आपल्या विहारांत सुजाताचे चित्र असते, हातात पात्र असते. पुन्नेचे चित्र आम्ही अजून पाहिलेले नाही. झाडलोट करणारी बाई इतिहासातून कशी गळते, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको.

यंदा बैठकीत शेवटी असे ठरले. दोन पातेली चढतील. एक दुधाची, एक गव्हा-गुळाची. खीरदानाच्या आधी सुजाताबरोबर पुन्नेचे नाव घेतले जाईल. आणि पातेली घासायला कॉलेजातली पोरे बसतील, ज्याने वाद काढला तो पहिला. काकींनी त्याचे नाव वहीत लिहूनही घेतले आहे.

गव्हाची खीर आम्ही करणार आहोत. गूळ कधी घालायचा ते आता आम्हाला माहीत आहे. दूध ज्याला हवे त्याने वरून घ्यावे, ताटलीत.

नमो बुद्धाय! जय भीम!